थकलेल्या साहेबाला धोका का दिसत नाही?

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत तीन ठिकाणची माणसे टेलिफोनवरून एकाच बैठकीला बसली होती. फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्र, अलाबामातील मार्शल केंद्र आणि युटा राज्यातील मॉर्टन थायोकॉल ही अग्निबाण बनवणारी कंपनी. प्रश्न एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी 'चॅलेंजर' हे यान सोडायचे की नाही? फ्लोरिडात त्या रात्री कडाक्याची थंडी पडणार होती. अग्निबाणाच्या सांध्यातून जळता वायू बाहेर येऊ नये म्हणून तिथे रबरी कड्या बसवलेल्या असतात. थंडीत रबर ताठर होते आणि सांधा नीट बंद होत नाही. तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर यान सोडू नये, असे कंपनीच्या अभियंत्यांनी स्पष्ट सांगितले.

नासाच्या अधिकाऱ्यांना हे पटले नाही. कंपनीच्या वरिष्ठांनी आपसात बोलण्यासाठी पाच मिनिटे मागून घेतली. चर्चा अर्धा तास चालली. अभियंत्यांचा विरोध बाजूला सारून शेवटी होकार कळवला गेला. सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी यान उडाले तेव्हा तापमान २ अंशांच्या आसपास होते. ७३ सेकंदांनी यानाचे तुकडे झाले आणि सातही अंतराळवीर गेले.

या अपघाताबद्दल बोलताना रबरी कडीची गोष्ट सगळेच सांगतात. चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने आणखीही एक बाब नोंदवली होती. त्या बैठकीतल्या काही प्रमुख व्यवस्थापकांना आदल्या रात्री दोन तासांहूनही कमी झोप मिळाली होती आणि ते पहाटे एक वाजल्यापासून कामावर होते. २७ तारखेचे उड्डाण दरवाजाच्या मुठीतला बिघाड आणि आडवा वारा यांमुळे रद्द झाले होते. म्हणजे आदल्या रात्रीचे जागरण वाया गेले होते आणि ती माणसे रात्री पुन्हा नव्या निर्णयाला बसली होती. जास्त तास काम करणे कौतुकाचे असले, तरी महत्त्वाचे निर्णय पणाला लागलेले असतात तेव्हा ते गंभीर प्रश्न निर्माण करते, अशा आशयाचा शेरा आयोगाने मारला.

थकव्यामुळेच चॅलेंजर पडले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. वेळापत्रकाचा दबाव होता, सांध्याचा दोष जुना होता आणि आधीच्या उड्डाणांत निभावून गेल्यामुळे तो अंगवळणी पडला होता. पण त्या बैठकीत एक उलटापालट झाली. एरवी 'हे सुरक्षित आहे, हे सिद्ध करा' असे विचारले जाई. त्या रात्री अभियंत्यांना 'हे धोक्याचे आहे, हे सिद्ध करा' असे विचारले गेले. झोप न झालेल्या मेंदूचा कल नेमका याच दिशेने झुकतो, हे नंतरच्या संशोधनातून दिसत गेले.

जागरण आणि दारू

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी एक साधा प्रयोग केला. त्याच माणसांना एकदा जागे ठेवले आणि एकदा मोजून दारू दिली. दोन्ही वेळा हात आणि डोळा यांचा मेळ तपासला. सलग १७ तास जागे राहिल्यावर कामगिरी इतकी उतरली, की रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी. २४ तासांनी ती ०.१० टक्क्यांएवढी घसरली. भारतात वाहन चालवताना कायद्याने मान्य मर्यादा ०.०३ टक्के आहे.

सकाळी सहाला उठलेला प्लँट मॅनेजर रात्री अकरा वाजता फोनवरून 'चालू करा' म्हणतो तेव्हा त्याचे १७ तास पूर्ण झालेले असतात. पिऊन कामावर आलेल्या माणसाला वॉचमन गेटवरच अडवतो. जागरण करून आलेल्याला कोणी अडवत नाही, उलट 'साहेब घरीच गेले नाहीत' म्हणून कौतुक होते.

हात थरथरणे, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागणे, दोन-चार सेकंदांची नकळत लागलेली डुलकी, ही थकव्याची लक्षणे सर्वांना माहीत आहेत. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसासाठी ती जीवघेणी असतात. निर्णय घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र नुकसान वेगळ्या जागी होते आणि ते दिसत नाही.

परीक्षेत पास, धंद्यात नापास

इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात इव्हॉन हॅरिसन आणि जिम हॉर्न यांनी १९९९ मध्ये हे नुकसान शोधले. त्यांनी तरुण पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सुमारे ३६ तास जागे ठेवले. एकीकडे त्यांना उतारा वाचून तर्काने उत्तरे देण्याची परीक्षा दिली. दुसरीकडे बाजारात माल विकण्याचा एक खेळ दिला. त्यात खेळाच्या मध्यावर परिस्थिती बदलत जाई, नवी माहिती येई आणि त्यानुसार डाव बदलावा लागे.

उताऱ्याच्या परीक्षेत जागलेली मुले व्यवस्थित पास झाली. धंद्याच्या खेळात मात्र त्यांचा डाव कोसळला. नवी माहिती समोर असूनही ती जुनाच डाव पुढे रेटत राहिली.

रात्री दोन वाजता शॉप फ्लोअरवर उभ्या असलेल्या मॅनेजरला हे नेमके लागू पडते. तो रिपोर्ट वाचू शकतो, आकडे जुळवू शकतो, वर्क परमिटवर सही करू शकतो, वरिष्ठांना फोनवर नीट उत्तरे देऊ शकतो. त्याच्याकडे बघून कोणालाही तो थकलेला वाटणार नाही. फक्त परिस्थिती बदलली आहे, तासाभरापूर्वी ठरवलेले आता चालणार नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही. व्यवस्थापकाला पगार मुख्यतः हे लक्षात येण्यासाठीच मिळतो, आणि झोप कमी झाली की हीच क्षमता आधी ढासळते.

मेंदूत काय घडते?

आपण जागे असतो तेव्हा मेंदूच्या पेशी काम करताना अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. जितके तास जागे, तितका साठा अधिक आणि तितकी झोपेची ओढ जास्त. झोपेत तो साठा उतरतो. चहा-कॉफीतले कॅफिन हे द्रव्य हटवत नाही. ते ज्या जागी चिकटते त्या जागा फक्त अडवून धरते. त्यामुळे तरतरी येते, पण झोपेचे देणे तसेच राहते.

कपाळामागचा मेंदूचा भाग पुढचा विचार, आवर आणि दोन पर्यायांची तुलना ही कामे करतो. अपुऱ्या झोपेचा फटका त्याला सर्वात आधी बसतो. सिंगापूरमधील मायकेल ची आणि अमेरिकेतील स्कॉट ह्यूटेल यांच्या गटाने जागरण केलेल्या माणसांना पैशांच्या पैजा लावायला देऊन त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. मिळकतीच्या आशेने उत्तेजित होणारा मेंदूचा भाग जागरणानंतर जास्त पेटत होता. तोटा झाल्यावर बोचणी लावणारा भाग मात्र थंड पडला होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, एका रात्रीच्या जागरणाने माणूस तोटा टाळण्याकडून मिळकतीच्या मागे लागण्याकडे झुकतो.

हे झुकणे धाडस म्हणून जाणवत नाही. माणसाला वाटते की आपण आज जरा आशावादी आहोत, 'होऊन जाईल' असे म्हणतो आहोत. साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात बेअरिंग गरम होते आहे, मिल थांबवली तर उसाच्या गाड्या खोळंबतात, आणि मुख्य अभियंता गेले चार दिवस धड झोपलेला नाही. मिल थांबवल्याने होणारा तोटा गेटबाहेरच्या रांगेत स्पष्ट दिसतो. न थांबवल्याचा धोका मात्र कल्पनेने उभा करावा लागतो, आणि थकलेल्या मेंदूला नेमके तेच जमत नाही.

आणखी एक परिणाम माणसांमधल्या संबंधांवर होतो. अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते. ख्रिस्तोफर बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की वरिष्ठाची झोप नीट लागली नसेल, तर दुसऱ्या दिवशी तो हाताखालच्या लोकांशी अधिक अपमानास्पद वागतो आणि साऱ्या गटाचे कामातले मन उडते. सुरक्षेच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. साहेब अंगावर येतात म्हटल्यावर फिटर गळक्या व्हॉल्व्हची गोष्ट सांगायला जात नाही. साहेबाला आधीच धोका कमी दिसत असतो. आता तो सांगणारेही गप्प बसतात.

'मला सवय आहे'

यावर बहुतेक अनुभवी माणसे एकच उत्तर देतात: 'मला सवय आहे, पाच तास झोप पुरते.' या उत्तराची तपासणी झालेली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डाँगन आणि डेव्हिड डिंजेस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ रात्री चार, सहा किंवा आठ तास झोपू दिले. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली आणि दोन आठवड्यांच्या शेवटी ती एक ते दोन रात्री अखंड जागलेल्या माणसाइतकी खाली आली. पण 'तुम्हाला किती झोप येते?' या प्रश्नाची उत्तरे पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. कामगिरी खाली जात होती, आणि आपण रुळलो आहोत असे त्या माणसांना वाटत होते.

झुरिकमधील संशोधकांनी २०१७ मध्ये हाच प्रश्न धोक्याबाबत विचारला. तरुणांना आठवडाभर रोज पाच तासच झोपू दिले. आठवड्याच्या शेवटी ते पैशांच्या निवडीत अधिक जोखीम घेऊ लागले होते, पण आपले वागणे बदलले आहे हे त्यांना जाणवले नव्हते.

सवय होते ती थकल्यासारखे वाटण्याची. मेंदूच्या कामाला सवय होत नाही. जन्मजात कमी झोपेवर खरोखर भागणारी माणसे असतात, पण फार थोडी. थकवा मोजायचे जे साधन आपल्याकडे आहे, तो मेंदूच थकलेला असतो. त्यामुळे 'थकल्यासारखे वाटले तर थांबीन' हा नियम नेमक्या गरजेच्या वेळी कामाला येत नाही.

इथे एक फरक करायला हवा. सकाळपासून निर्णय घेऊन घेऊन मनाची ताकद संपते, ही कल्पना व्यवस्थापनाच्या पुस्तकांत फार लोकप्रिय आहे. तिचा पाया मात्र कच्चा निघाला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून मनाची ताकद अशी 'संपण्याचा' प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य आला. अपुरी झोप आणि रात्रीची वेळ यांचे पुरावे याहून कितीतरी पक्के आहेत. म्हणून रोज एकाच रंगाचा शर्ट घालून निर्णय वाचवण्यापेक्षा तासभर आधी झोपणे जास्त उपयोगाचे.

ज्यांच्या तासांना मर्यादा नाही

वैमानिकाच्या कामाचे तास कायद्याने ठरलेले असतात. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सुधारित नियमांत त्यांची सलग साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली. मालवाहू आणि प्रवासी वाहनांच्या चालकांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा दिली. पण त्याच कायद्याच्या कलम ६४ ने देखरेख आणि व्यवस्थापनाच्या पदांवरील माणसांना कामाच्या तासांच्या नियमांतून वगळण्याची वाट ठेवली.

तेव्हा त्यामागे तर्क होता: साहेब यंत्रावर नसतो, त्याचा हात पट्ट्यात अडकत नाही. पण त्याच्या सहीवर यंत्र चालू होते, टाकीत माणूस उतरतो, सुट्टीवरचा कामगार दुसऱ्या पाळीला परत बोलावला जातो. आता तर मोबाइलमुळे साहेबाची पाळी कधी संपतच नाही. हिंजवडीतला किंवा ऐरोलीतला प्रोजेक्ट मॅनेजर सकाळी इथल्या टीमबरोबर असतो आणि रात्री अमेरिकेच्या वेळेनुसार कॉलवर बसतो.

इतरांच्या थकव्याचे वाटपही हीच माणसे करतात. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जण मृत्युमुखी पडले. रासायनिक अपघातांचा तपास करणाऱ्या तिथल्या सरकारी मंडळाला आढळले की नियंत्रण कक्षातला दिवसपाळीचा ऑपरेटर सलग २९ दिवस रोज बारा तास कामावर होता. रात्रपाळीचा मुख्य ऑपरेटर ३३ दिवस आणि दिवसपाळीचा मुख्य ऑपरेटर ३७ दिवस बिनसुट्टीचा होता. टॉवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरत गेला आणि तासन्‌तास ते कोणाच्या लक्षात आले नाही. या तपासानंतर अमेरिकेतील तेल उद्योगाने थकव्याच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र मानक तयार केले.

उजेडात ठरवायचे, अंधारात पाळायचे

थकलेल्या माणसाला थकवा कळत नाही, हे एकदा मान्य केले की उपायही त्यानुसार ठरतात. निर्णय थकण्याआधी घेऊन ठेवायचा.

कोणत्या आकड्यावर यंत्र बंद करायचे, किती वाऱ्यात क्रेन थांबवायची, किती गॅस आढळला तर टाकीत माणूस उतरवायचा नाही, हे दिवसा, झोप झालेल्या डोक्याने लिहून ठेवावे. रात्री ती रेषा ओलांडली की चर्चा नको. ती रेषा बदलायची असेल, तर फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी.

जो निर्णय परत फिरवता येत नाही, त्यावर दोघांची संमती असावी आणि त्यातला एक तरी झोपून आलेला असावा. सलग सोळा तासांहून अधिक जागे असलेल्या अधिकाऱ्याने वर्क परमिटवर सही करू नये, असा साधा नियम कोणतीही कंपनी कायद्याची वाट न पाहता करू शकते. रात्री ब्रेकडाउनसाठी बोलावलेल्या इंजिनिअरला सकाळच्या पाळीतून सूट द्यावी आणि घरी जायला गाडी द्यावी. त्याने स्वतः गाडी चालवत जाऊ नये. जागेपणाची पातळी पहाटे दोन ते सहा या वेळेत सर्वात खाली असते. पाळी सोपवणे, नव्या माणसाला शिकवणे आणि अवघड दुरुस्ती शक्य तेवढी या वेळेबाहेर ठेवावी.

डुलकीची लाज वाटायचे कारण नाही. नासाने एका प्रयोगात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात आळीपाळीने ४० मिनिटे विश्रांती दिली. ते सरासरी २६ मिनिटे झोपले आणि उरलेल्या प्रवासात न झोपलेल्यांपेक्षा अधिक सावध राहिले. रात्रपाळीत वीस-तीस मिनिटांची डुलकी औषधासारखी काम करते. मात्र उठल्याबरोबर डोके जड असते, म्हणून पुढची पंधरा-वीस मिनिटे महत्त्वाचा निर्णय घेऊ नये. चहा-कॉफी रात्रपाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्यावी. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरतो आणि सकाळची झोप बिघडवतो.

थकव्यामागे आजारही असतो

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. अंथरुणावर पडताच पाच मिनिटांत झोप लागणे हे अनेकांना भाग्याचे लक्षण वाटते, प्रत्यक्षात ते बहुधा झोपेची थकबाकी असल्याचे लक्षण असते. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास जास्त झोपावे लागणे हेही तेच सांगते.

सात तास झोपूनही ताजेतवाने वाटत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकल्याचे घरच्यांनी सांगणे, सकाळी डोके दुखणे आणि दिवसा बसल्या जागी पेंगणे ही झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची लक्षणे आहेत. चाळिशी-पन्नाशीतल्या, वजन वाढलेल्या, रक्तदाब असलेल्या पुरुषांत तो बराच आढळतो, म्हणजे नेमका अधिकारपदावर पोहोचलेल्या वयात. त्यावर चांगले उपचार आहेत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तशर्करा आणि बी-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांतूनही थकव्याचे कारण अनेकदा सापडते. उदासीनतेचा आजारही थकव्याच्या रूपाने समोर येतो, हे विसरू नये.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो. साहेबाच्या जागरणाची किंमत हाताखालच्या माणसांबरोबर त्याचे घरही मोजत असते.

पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट तयार करायला बसाल तेव्हा एक गोष्ट करून पाहा. ऑपरेटर, फिटर, हेल्पर यांच्या नावांखाली स्वतःचे नाव लिहा, तास भरा आणि साप्ताहिक सुट्टीचा रकाना रिकामा राहतो आहे का ते बघा. तो रिकामा असेल, तर त्या महिन्यातला सर्वात थकलेला माणूस कोण असणार आहे, हे चार्ट लावण्याआधीच कळेल.